रोड टच गाव

अरे थांबा, चहा येईल तेव्हा येईल, मी सांगायला घेते, कारण गुरुवारपासून मी हे सांगायला नुसती टपून बसलेय. आमच्या घरी गुरुवारी हॉलच्या फरशीवर एक गाव वसलं होतं. हसू नका. खरंच वसलं होतं. आणि त्या गावावर मैनाची पुढची दोन वर्षं टांगलेली होती.

मैना माहितीये ना, माझ्या वर्गातली? पुण्याजवळच्या मांजरी गावची. रोज बसने यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि सारखं काहीतरी लिहीत असायची. आम्हाला वाटायचं, नोट्स काढते. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मागायला गेले, तर वहीत नोट्स कसल्या, गावं! एकेका पानावर एकेक गाव, विहीर कुठे, लोहार कुठे बसतो, कोणाचं कोणाशी पटत नाही. म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणाली, गेम आहे. अजून कोड लिहायचाय.

मग तिने तो लिहिला. नाव 'पांढरी'. आणि मी शप्पथ सांगते, मी एवढे गेम खेळलेय, पण असं मला कधी झालं नाही. सुरुवातीला स्क्रीनवर काहीच नसतं. एक नदी, एक रस्ता, रिकामी जमीन आणि बैलगाडीतून उतरलेली थोडी माणसं. बस. घर कुठे, विहीर कुठे, ते तुम्ही ठरवायचं. मग एकेक हंगाम जातो आणि प्रत्येक हंगामाला एक छोटासा उतारा येतो, की गावात अमुक झालं, आता काय करता? खाली पर्याय. म्हणजे अर्धा गेम नकाशावर आणि अर्धा शब्दांत.

मी पहिल्यांदा खेळले तेव्हा विहीर लांब खणली. का? तर नकाशावर तिथे छान दिसत होती! आणि दोन हंगामांनी उतारा आला की पाण्याला जाणाऱ्या बायका वाटेत एका दगडापाशी टेकतात. अरे, मी दगड ठेवलाच नव्हता! पुढच्या हंगामात त्या दगडाला नाव पडलं. मग तिथे कोणीतरी चिंच लावली. मग त्या चिंचेखाली एक भांडण मिटलं आणि एक लग्न जमलं. म्हणजे बघा ना, चूक माझी होती. दुसऱ्या गेममध्ये चूक केली की लाल अक्षरात बोंब मारतात. इथे माझ्या चुकीला चिंचा लागल्या! मी जेवायला उठेना. आई म्हणाली, "ताट तिकडे आणून देऊ का, सरपंचबाई?"

आणि आमचा श्रीन्या. श्रीनिवास, माझा भाऊ, हो, तोच, एक्सेल उघडून गेम खेळणारा. त्याने पहिलं काय बांधलं सांगा. कंपाउंड! गावात एक घर नाही, माणसं उघड्यावर, आणि ह्याने चारी बाजूंनी कंपाउंड घातलं आणि गेट लावलं. का, तर म्हणे सिक्युरिटी. मग उतारा आला: 'एक कुंभार आला. त्याने गेट पाहिलं. थोडा वेळ उभा राहिला आणि पुढच्या गावाला गेला.' झालं. ह्याच्या गावात पुढे कित्येक हंगाम मडकंच नाही. धान्य आहे, पाणी आहे, ठेवायचं कशात? आई मागून बघत होती. म्हणाली, "शोभतोस. उद्यापासून आपल्या सोसायटीचा चेअरमन हो."

श्रीन्या चिडला, पण उठला नाही हां खुर्चीवरून. गेट पाडलं आणि बसला कुंभाराची वाट बघत. एक गेममधला कुंभार यावा म्हणून आमचा श्रीन्या, जो स्वतःच्या मित्रासाठीही पाच मिनिटांवर थांबत नाही! तेव्हाच मला कळलं की मैनाला हे येतं. म्हणजे खरंच येतं.

तर आता मुद्दा. मैनाला गेम डिझाइनचा दोन वर्षांचा कोर्स करायचाय. अ‍ॅडमिशन मिळालीये. पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द गेनबा आबांचा. तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. आधी ऊस होता, आता मांजरीत ते टॉवर उभे राहतायत ना, त्यांच्या जमिनींचे व्यवहार आबाच बघतात. मोठं ऑफिस आहे. पोरगी कॉम्प्युटर शिकलीये, तर तिने ऑफिसात बसावं, असं ठरलेलं. मैनाने हट्ट केला, तेव्हा आबा म्हणाले, "गुरुवारी शहरात काम हाय माजं. तुज्या मैत्रिणीकडं येतो. दाव तुजा ग्येम. पटला तर जा कोर्सला. न्हाई पटला तर सोमवारपास्नं ऑफिसात. मग रडायचं न्हाई."

म्हणून आमचं घर. आमच्याकडे शांतता, टेबलखुर्ची, सगळं नीट. मैना सकाळीच आली लॅपटॉप घेऊन. तिचा लॅपटॉप म्हणजे म्हातारा, बॅटरी मेलेली, प्लग काढला की डोळे मिटतो. पण प्लगला लावला की उत्तम. लावला. चालू केला. सगळं मस्त.

आणि लाइट गेली.

गुरुवार! अरे, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पुण्यात शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि आम्ही दोन कॉम्प्युटर इंजिनिअर, आमच्या डोक्यातच आलं नाही! श्रीन्याने वीज ऑफिसला फोन लावला, तर संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणे. माझ्या लॅपटॉपवर गेम नव्हता, आणि तो घ्यायला आधी तिचा चालू व्हायला हवा. मैना खुर्चीवर बसली ती बसलीच. रडली नाही. फक्त म्हणाली, "सोमवार."

मी म्हटलं, आबांना सांगू, परत कधीतरी या. तर म्हणाली, "ते परत येत नाहीत गं. ते एकदाच बघतात. जमीनसुद्धा."

मग बराच वेळ ती फरशीकडे बघत होती. आणि एकदम म्हणाली, "मला पाठ आहे."

"काय पाठ आहे?"

"सगळं. मीच लिहिलंय ना. काकू, रांगोळी आहे?"

आईने डबा दिला. मैनाने फरशीवर वरच्या अंगाला रांगोळी पसरली, ती पांढरी माती. काळ्या मातीला काय? आईची मोहरी! आई डबा देताना म्हणाली, "पीक आलं तर निम्मं माझं." नदीला माझी निळी ओढणी, रस्त्याला श्रीन्याचा पट्टा, घरांना कॅरमच्या सोंगट्या, विहिरीला क्वीन. आणि कुटुंबांना भुईमुगाच्या शेंगा, म्हणजे आत दोन-तीन माणसं आलीच.

तेवढ्यात आबा आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन फोन, आणि दम लागलेला. दारातच म्हणाले, "लिफ्ट बंद हाय वाटतं तुमची."

आई म्हणाली, "लिफ्ट नाहीच आमच्याकडे. जिना मात्र चोवीस तास चालू असतो. या, बसा."

आबांनी आईकडे एकदा नीट बघितलं आणि हसले. मग फरशी बघितली. "ह्ये काय? कॉम्पुटर कुटंय?"

"लाइट नाही, आबा," मैना म्हणाली. "म्हणून जमिनीवर मांडलाय. मी वाचते, तुम्ही ठरवायचं."

"मला निबंधकाकडं जायचंय. च्या हुईस्तवर बघतो." आणि मांडी घालून बसले की राव! खुर्ची दिली होती, तिच्यावर नाही. खाली.

आणि मैनाने सुरुवात केली. तुम्ही तिचा आवाज ऐकायला पाहिजे होता. वर्गात हजेरीला 'यस सर' पण नीट ऐकू येत नाही तिचं, आणि इथे एकदम: "नदी इथे वळते. वळणावरची माती काळी आहे. चाललात तर पायाला चिकटते. वर चढावर माती पांढुरकी. झटकली की पडते. खालून एक रस्ता गेलाय. तुमची माणसं गाडीतून उतरली आहेत आणि तुमच्याकडे बघतायत. पहिलं घर कुठे?"

आता इथे गंमत आहे. मला मैनाने आधीच सांगितलं होतं. गावाकडे घरं असतात त्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. काळीत घर बांधत नाहीत. एक तर पिकाची जागा जाते, आणि ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, भिंती टिकत नाहीत. गेम हे कुठेच सांगत नाही. फक्त माती पायाला कशी लागते, तेवढं सांगतो. शहाण्याने ओळखावं. आम्ही पुण्याचे शहाणे, आम्ही कोणीच ओळखलं नव्हतं. पण आबा! जन्म गेला उसात. मी मनात म्हटलं, हे तर लगेच ओळखणार, खूश होणार, पास!

आबांनी ओढणी बघितली, मोहरी बघितली. मग म्हणाले, "ह्यो पट्टा म्हंजी रोड का?"

"हो."

"मग ह्यो कडंचा प्लॉट रोड टच हाय." आणि सोंगटी ठेवली. थेट मोहरीवर!

मी मैनाला कोपराने ढोसलं. सांग ना त्यांना, एवढी एक हिंट दे! तिने फक्त मान हलवली. नाही. तिला सोमवार दिसत होता समोर, तरी नाही. मला नंतर म्हणाली, "सांगितलं असतं तर ते माझं गाव झालं असतं."

"पहिल्या घरात कोण राहणार? नाव द्या," मैना म्हणाली.

हे तिच्या गेममधलं मला सगळ्यात आवडतं. नाव तुम्ही द्यायचं. श्रीन्याने दिली होती ए-वन, ए-टू. मी तुमची नावं दिली होती, हो, तू पण होतीस, तू सुतार होतीस, गप. आबा जरा थांबले. मग म्हणाले, "भैरू."

मैनाने पटकन आबांकडे बघितलं. भैरू म्हणजे खरा माणूस आहे. आबांच्या उसाला लागून ज्याचं रान होतं, तो. दोघं मिळून पिकाला पाणी धरायचे म्हणे. मग आबांनी त्याची जमीन एका बिल्डरला मिळवून दिली, भैरू मुलाकडे कात्रजला राहायला गेला, आणि त्यानंतर दोघांचं जाणंयेणं राहिलं नाही. हे मैनाने मला नंतर सांगितलं. तेव्हा ती फक्त म्हणाली, "बरं. भैरू. दुसरं घर?"

मग काय विचारता! आबांनी पट्ट्याला लावून सोंगट्यांची अशी लाइन टाकली की आर्किटेक्ट लाजेल. "कॉर्नर सोडा. कॉर्नर मागनं. गाव वाडलं की भाव येतो त्येला."

आई चहा घेऊन आली. "गाव अजून बसलं नाही आणि ह्यांचे भाव सुरू."

"ताई, भावाबिगार गाव बसत न्हाई."

"आणि तुमचं स्वतःचं घर, आबा?" मैनाने विचारलं.

"माजं वर. चढावर. वारा येतो. खाली धूळ लई." आणि एक सोंगटी रांगोळीवर ठेवली. बघितलंत? पांढरीवर! स्वतःचं बरोबर पांढरीवर!

पहिला हंगाम बरा गेला. लोहार आला, ठेवून घेतला. मग एक कुंभारीण आली, आबा म्हणाले, जागा न्हाई, पुढं जा. आणि आई हातातला ट्रे घेऊन मध्ये पडली, "जागा नाही काय? तो कॉर्नर मोकळा ठेवलाय ना भावासाठी? तिथे बसवा तिला. आमच्या गावात एकदा मडकं नव्हतं, काय हाल झाले आम्हाला विचारा." आमच्या गावात! आई! जी गेमला 'ते बटणं बडवणं' म्हणते, ती! श्रीन्या विहिरीच्या जागेवरून आबांशी भांडत होता, आबा त्याला म्हणत होते, "तू पानी बगितलंयस का कवा जमिनीतलं, का नुस्तं नळातलं?" फोन वाजला, आबांनी न बघता कापला. दुसरा वाजला, तोही कापला. चहावर साय आली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, सगळे वाकून फरशीकडे. आणि दर वेळी मैना थांबली की कोणीतरी म्हणायचं, मग? पुढे? तेच तर! पुढच्या हंगामात काय होतं एवढं बघून उठू, असं म्हणत माणूस उठतच नाही. स्क्रीन नव्हता, म्युझिक नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं, मोहरी आणि सोंगट्या, आणि तरी ते गाव मला दिसत होतं. धूर निघताना दिसत होता.

मग उन्हाळा आला. गेममधला.

मैना म्हणाली, "भैरूच्या भिंतीला भेग पडली आहे. त्याने आधी चिखल भरला, मग चिंध्या. त्याच्या बायकोने भेगेसमोर धान्याची कणगी सरकवली. पूर्वी कणगी हलवायला दोघं लागायची. आता ती एकटीच सरकवते."

"रिकामी झालीये," आई हळूच म्हणाली.

"पिकाची जमीन कुठे आहे पण?" श्रीन्या म्हणाला आणि वाकला. आणि मग आम्हाला सगळ्यांना एकदम दिसलं. मोहरीवर जागाच नव्हती. सगळ्या सोंगट्या.

मैना पुढे म्हणाली, "भैरू गाडी जुंपतोय. तुमच्याकडे बघत नाही. तुम्ही काय करता? एक, त्याला जाऊ देता. दोन, थांब म्हणता, आणि बाकीच्यांच्या वाट्यातलं धान्य त्याला देता."

एवढा वेळ आबा कसे फटाफट बोलत होते! आता बोटाने मोहरीवरच्या सोंगट्या एकेक चाचपत होते. मग म्हणाले, "काळीत बांदलं मी."

त्यांनी चिमूटभर मोहरी उचलून तळहातावर घेतली.

"मला ठाऊक हुतं की. पाच वर्साच्या पोराला ठाऊक असतं आमच्याकडं. तू वाचलंस बी, पायाला चिकटती म्हनून." आणि कपाळाला हात लावला. "रोड दिसला आन् दुसरं काय दिसलंच न्हाई."

मैना थांबून राहिली. गेमसारखीच. तिने 'हो ना' म्हटलं नाही, 'असू दे आबा' पण म्हटलं नाही. मी असते तर बोलले असते रे, मी गप्प बसूच शकत नाही. पण ती वाट बघत होती.

आबांनी भैरूची शेंग उचलली. हातात धरून बसले. मग म्हणाले, "त्येला माजं घर दे."

"आबा?"

"माजं. वरलं. त्ये पांढरीवर हाय, त्येला काय हुत न्हाई. त्येला तितं ऱ्हाऊ दे, खालचं पाड, तितं पेर." आणि शेंग नेऊन ठेवली रांगोळीवर.

आणि मैना... अरे, इथे कोणीही काय केलं असतं? हो म्हटलं असतं! आबा खूश, कोर्स मिळाला, संपलं. ती म्हणाली, "असा पर्याय नाहीये, आबा."

"न्हाई म्हंजी?"

"मी लिहिलेला नाही. दोनच लिहिलेत. जाऊ द्यायचं, नाहीतर धान्य वाटायचं."

"कॉम्पुटर आसता तर?"

"तर तुम्हाला हे करताच आलं नसतं. त्या दोनातलंच एक."

श्रीन्या पुटपुटला, "अगं, घाल की आत्ता." तिने त्याच्याकडे बघितलं पण नाही. आबांनाच म्हणाली, "आत्ता मी नुसतं हो म्हणू शकते. पण मग पुढे काय होतं ते मला माहीत नाही. भैरू येईल का वर? लोक काय म्हणतील? बाकीच्यांच्या भिंती पण फाटणारेत, त्यांचं काय? माणूस असं काही करेल हे मला सुचलंच नव्हतं. ते सगळं बसवायचं तर शिकायला लागेल मला. मला अजून तेवढं येत नाही."

बापरे. ज्याला पटवायचंय त्यालाच सांगतेय की मला येत नाही! मी डोळे मिटून घेतले. गेलं, म्हटलं. सोमवार.

आबांनी त्या वरच्या शेंगेकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. आईला म्हणाले, "ताई, च्या गार झाला. माफ करा." मग चपला घालता घालता, पाठमोरेच मैनाला म्हणाले, "ऑफिसात येऊ नगंस तू."

"म्हणजे?"

"तितं येऊन गिऱ्हाइकाला म्हनशील, माती बगितली का. माजा धंदा बसायचा." आणि वळले. "जा कोर्सला. आन् त्ये लिव्ह. भैरूला वरलं घर दिलं तर काय हुतं, त्ये लिव्ह."

मी किंचाळले. खरंच किंचाळले, खालच्या काकूंनी जिन्यातून वर बघितलं. श्रीन्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. आणि मैना? आनंदाने उडी मारावी की नाही? ती आबांच्या मागे दारापर्यंत गेली आणि एकदम गेममधल्याच आवाजात, आ वासून ऐकत राहावं अशा, तिने विचारलं, "पण आबा, तुमचं घर भैरूला दिलंत. मग तुम्ही कुठे राहणार?"

आबा दोन पायऱ्या उतरले होते. थांबले. विचार केला. खरंच केला हां, मी बघितला त्यांचा चेहरा.

"त्ये मला काय ठाऊक?" ते म्हणाले. "तुला दोन वर्सं दिल्यात ना? तू शोद."